जावयाचं राहिलेलं वाण

अधिक महिना लागायला पंधरवडा होता, तेव्हा माझ्या बायकोनं आमच्या जावयांना माफ करून टाकलं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या केलं. चष्मा लावून तांदळाच्या पिशवीवरचा बारीक मजकूर वाचत ती म्हणाली, "या खेपेला अनारसे करते. झालं गेलं. किती दिवस मनात धरायचं? जावई आहेत शेवटी."

मी टेबलापाशी बसून आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होतो. बुधवारच्या कप्प्यात दोन पडल्या. एक परत काढली.

माफ करण्यात तिचा मोठेपणा होता, याबद्दल मला शंका नाही. अडचण एवढीच होती की ज्या गोष्टीबद्दल तिनं जावयांना माफ केलं, ती मी केली होती.

अधिक महिन्यात लेकीला आणि जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण देतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. इथे जर्मनीत, बॉबलिंगेनमध्ये, ते कसं जमवतात, हे मात्र सांगायला हवं. तांदूळ इथेही तीन दिवस भिजतात. गूळ आशियाई दुकानात मिळतो. खसखस तर कुठल्याही दुकानात मिळते, पण ती निळी-काळी असते. पांढरीसाठी स्टुटगार्टला जावं लागतं. लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या अधिकात बायकोनं नाइलाजानं निळ्या खसखशीवर अनारसे थापले. ताटात ते गाडीच्या टायरांसारखे दिसत होते आणि वातडही तसेच होते. जावयांनी लागोपाठ चार खाल्ले आणि "छान झालेत" म्हणाले. हा माणूस समोरच्याचा मान राखण्यासाठी काय काय करू शकतो, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मागच्या अधिकात, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, आम्ही वाण दिलं नाही. लेकीला फोनवर सांगितलं की आईचे गुडघे दुखताहेत. गुडघे दुखत होते हे खरं आहे. त्याआधीच्या अधिकातही दुखत होते, आणि तेव्हा वाण दिलं होतं.

का दिलं नाही, ते सांगायचं तर मला थोडं मागे जावं लागेल.

मी पुण्याहून इथे गिअरबॉक्सच्या कामासाठी आलो आणि गिअरबॉक्समध्येच निवृत्त झालो. या भागातले लोक श्वाबी. काटकसरीबद्दल सगळ्या जर्मनीत त्यांची टिंगल होते. मला इथे पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं. निवृत्तीनंतर आम्ही काही जुने सहकारी महिन्यातून एकदा एका बिअरच्या दुकानात जमायचो, आणि एकेक ग्लास पुरवून पुरवून प्यायचो. तिथे एकदा विषय निघाला की बँकेत ठेवलेल्या पैशावर आता व्याज असं काही मिळतच नाही. एकानं सांगितलं की त्याचा पुतण्या बिटकॉइन घेतो. बँक नाही, दलाल नाही, मधे कोणी कापून घेणारा नाही. शेवटचा मुद्दा मला फार आवडला.

नात तेव्हा नववीत होती. तिच्यासाठी काहीतरी बाजूला ठेवावं असं मनात होतंच. मी जावयांना फोन केला.

आमचे जावई रसायनशास्त्रज्ञ. डॉक्टरेटसाठी आले आणि लुडविग्सहाफेनच्या त्या अवाढव्य रासायनिक कारखान्यात नोकरीला लागले. मी त्यांना अहो-जाहो करतो, ते मला बाबा म्हणतात. त्या वेळेपर्यंत वीसेक वर्षं आम्ही एकमेकांशी इतकं नीट वागत होतो, की धड बोलणं असं एकदाही झालं नव्हतं. पुढच्याच शनिवारी ते गाडी काढून आले आणि माझ्या फोनवर एक पाकीट बसवून दिलं. त्यालाही पाकीटच म्हणतात. त्या पाकिटाची किल्ली म्हणजे बारा शब्द. फोन हरवला तर दुसऱ्या फोनवर ते बारा शब्द घालायचे, सगळं जसंच्या तसं परत मिळतं. शब्द मी दोन कागदांवर लिहून काढले. एक माझ्या कपाटात ठेवला. दुसरा कागदाच्या पाकिटात घातला, ते चिकटवलं आणि जावयांच्या हातात दिलं. माझं काही बरंवाईट झालं तरच उघडा, म्हणालो. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

निघताना दारात बूट घालता घालता ते म्हणाले, "बाबा, एक सुचवू का? दर महिन्याला नका पाठवू. वर्षातून एकदा, एकदम पाठवा."

मी कारण विचारलं. त्यांनी ते इतकं सोपं करून सांगितलं की मी आजही दुसऱ्याला तसंच सांगतो. लग्नात आहेराची पाकिटं येतात, तसं समजा. तुम्ही जितक्यांदा पैसे टाकाल, तितकी बंद पाकिटं आत साठतात. आतल्या आत ती एकत्र होत नाहीत. पुढे पैसे बाहेर काढायचे झाले की एकेक पाकीट फोडावं लागतं, आणि फी लागते ती फोडलेल्या पाकिटांवर. आत किती रक्कम आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. शिवाय त्या दिवशी बिटकॉइनच्या जाळ्यावर, म्हणजे नेटवर्कवर, गर्दी असेल तर प्रत्येक पाकिटामागे दर वाढतो. लाखो पाठवणाऱ्या माणसाचं एकच पाकीट असेल, तर त्याला काही कळतही नाही. थोडे थोडे टाकणाऱ्यालाच ते जाणवतं.

मी निवृत्त असलो तरी इंजिनिअर होतो. हे सगळं मला व्यवस्थित समजलं. मग मी दर संकष्टीला एक्कावन्न युरो पाठवायला सुरुवात केली.

संकष्टी अशासाठी, की तो दिवस विसरला जात नाही. बायकोचा उपवास असतो आणि घरात साबुदाणा भिजलेला असतो. एक्कावन्न अशासाठी, की मुलीच्या नावानं ठेवायचं ते पन्नास कसं ठेवणार. आता, जिथून मी बिटकॉइन विकत घेई ती कंपनी पाठवण्याचे म्हणून दर वेळी थोडे कापून घेई. मधे कोणी कापून घेणारा नाही, हे बिअरच्या दुकानात खरं होतं. आत एकोणपन्नास आणि वर काही सेंट पडायचे. एकोणपन्नास हा काही आशीर्वादाचा आकडा नव्हे. म्हणून मी आधीच जास्त भरून, कापून झाल्यावर बरोबर एक्कावन्न पडतील असा हिशेब बसवला. म्हणजे वरचा तो एक युरो टिकावा म्हणून मी दर महिन्याला दोन युरो खर्च करत होतो. हे मी घरात कधी सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत असतं तर तिनं उपवासाच्या दिवशीसुद्धा मला काहीतरी ऐकवलं असतं.

याला घरात "आबांचा फंड" असं नाव पडलं. आबा म्हणजे मी. नातीला मराठी सगळं कळतं, बोलते ती जर्मन. वाढदिवसाला फोन केला की मी म्हणायचो, तुझा फंड वाढतोय बरं का. ती म्हणायची, "डांके, आबा." किंमत वर-खाली होई, पण चार वर्षांत एकूण रक्कम बरी जमली. पाकिटंही जमली.

नात बर्लिनला शिकायला गेली. पहिला हिवाळा तिनं बाहेरगावी गेलेल्या एका मुलीच्या रिकाम्या खोलीत, ती परत येईपर्यंत, काढला. मग ती खोलीच्या शोधाला लागली. बर्लिन एके काळी स्वस्त होतं, असं तिथे राहणारे सगळे सांगतात. आता एका खोलीसाठी वीस-वीस मुलं रांगेत असतात आणि आत राहणारे त्यांची मुलाखत घेतात. तिनं अशा कितीतरी मुलाखती दिल्या. वसंतात एका सोमवारी तिचा फोन आला. विद्यापीठापासून सायकलनं दहा मिनिटांवरच्या घरात तिला निवडलं होतं. घरमालकीणबाईंची अट एकच होती. तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, काउत्सिऑन म्हणतात ती, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत खात्यात दिसली पाहिजे. नाहीतर यादीतली पुढची मुलगी.

त्या फोनवर आम्ही सगळेच होतो. जावई म्हणाले, "मी आत्ता पाठवतो. दहा सेकंदांचं काम आहे. बाबा, तुमच्या फंडातलं मागाहून सावकाश काढू."

मी म्हणालो, "अहो, फंड कशासाठी आहे? आजोबांनी साठवलेलं असताना बापानं कशाला द्यायचे?"

"बरं," ते म्हणाले.

बिटकॉइन घेऊन त्याचे युरो करून देणाऱ्या एका कंपनीत नातीनं लगेच खातं उघडलं. मी जेवण उरकून आरामखुर्चीत बसलो, फोनवरचं पाकीट उघडलं, रक्कम भरली. खाली तीन पर्याय आले: लवकर, मध्यम आणि सावकाश. प्रत्येकापुढे फी लिहिली होती. त्या आठवड्यात म्हणे त्याच जाळ्यावर कसल्यातरी गमतीच्या नाण्यांचा बाजार भरला होता, जगभरचे हौशी लोक त्यात घुसले होते आणि दर आभाळाला भिडले होते. मला ते नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की तीस एक पाकिटं फोडून लवकर पाठवायची फी दीडशे युरो होती. मध्यमची त्याच्या जरा खाली. सावकाशची नऊ.

दीडशे म्हणजे तीन संकष्ट्या. मी सावकाश निवडलं.

सावकाश म्हणजे किती, हे कुठे लिहिलं नव्हतं. पण मला सावकाशची भीती कधीच वाटली नाही. परदेशी लोकांना राहायचे परवाने देणाऱ्या कार्यालयात बाकावर बसून माझी अर्धी तरुणाई गेली आहे, आणि शेवटी प्रत्येक शिक्का मिळालाच.

मंगळवारी फोनवर "प्रतीक्षेत" असं दिसत होतं. बुधवारीही. संध्याकाळी जावयांचा फोन आला.

"बाबा, गेले का?"

"गेले."

"पोचले?"

"निघालेत."

"फी कुठली निवडली होतीत?"

"योग्य ती."

मग त्यांनी, मला वाईट वाटू नये अशा बेतानं, समजावून सांगितलं. इतकी गर्दी असताना कमी फीचा व्यवहार कोणी उचलत नाही. तो दाराशी उभा राहतो, आणि रोज नवी माणसं जास्त पैसे देऊन त्याच्या पुढे जातात. पण त्यावर उपाय आहे. त्या व्यवहारावर बोट ठेवलं की खाली "फी वाढवा" असं बटण येतं. ते दाबून वरचे पैसे भरले की झालं. "आज दाबलंत तर उद्या सकाळी पोचतील. किंवा मी बँकेतून टाकतो आणि आपण कोणाला काही सांगत नाही. तुमचेच पोचले असं म्हणू."

खरं सांगायचं तर यापेक्षा चांगल्या शब्दांत कोणी कोणाला मार्ग दाखवू शकत नाही. मी म्हणालो, "तुम्ही यात पडू नका. माझं मी बघतो."

"बरं," ते म्हणाले.

फोन ठेवून मी त्या व्यवहारावर बोट ठेवलं. बटण आलं. निळं होतं. मी ते बुधवारी पाहिलं आणि गुरुवारी पाहिलं. तोवर प्रश्न दीडशे युरोंचा उरला नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. ते दाबलं असतं तर फीच्या बाबतीत जावयांचं बरोबर ठरलं असतं, आणि पाकिटांच्या बाबतीत चार वर्षांपूर्वीही त्यांचंच बरोबर होतं असं झालं असतं. एका आठवड्यात दोनदा हरायची माझी तयारी नव्हती. गुरुवारी लेकीनं विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं की उद्या सकाळी नक्की असतील.

शुक्रवारी घरमालकीणबाईंनी बारापर्यंत वाट पाहिली आणि सव्वाबाराला दुसऱ्या मुलीला होकार कळवला. पैसे पोचले ते जवळजवळ तीन आठवड्यांनी. एका मंगळवारी. अगदी व्यवस्थित, एक सेंटही कमी नाही.

त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी व्हिडिओवर सगळे जमले. नात रडून झालेली दिसत होती. बायकोनं विचारलं की मुळात झालं तरी काय. प्रश्न सगळ्यांना होता, पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "जावयांनी फोनवर ते बसवून दिलं होतं ना, त्यातच काहीतरी गडबड असणार."

मी ते ठरवून बोललो नव्हतो. पण तोंडातून निघाल्यावर माझ्या कानांना ते पटण्यासारखं वाटलं, म्हणून तसंच राहू दिलं.

पडद्यावर जावयांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला. मग म्हणाले, "हो. माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असेल."

पुढचं थोडक्यात सांगतो. नात एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरातल्या सोफ्यावर राहिली. त्या घरात सगळ्यांत उशिरा जेवणारा जेवून उठला की हिची झोपायची वेळ. त्या उन्हाळ्यात एका विषयात ती नापास झाली आणि एक सत्र मागे पडली. शेवटी खोली मिळाली ती शहराच्या पार टोकाला, जाऊन-येऊन तीन तास. ती बापाला जर्मनमध्ये म्हणाली की इतके मोठे रिॲक्टर सांभाळतोस आणि आजोबांचा एक फोन तुला नीट लावता आला नाही? तो म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. लेकीनं घरातले पैशांचे सगळे व्यवहार आपल्या हातात घेतले. नवऱ्याला विजेचं बिलसुद्धा भरू देईना. आमच्याकडे इंटरनेट बंद पडलं तेव्हा बायको म्हणाली, त्यांना नको विचारायला, पुन्हा काहीतरी करून ठेवतील. मग एक तंत्रज्ञ बोलावला. त्यानं वायर काढून परत लावली आणि नव्वद युरो घेतले. मी एक शब्द न बोलता दिले. आणि श्रावणातल्या अधिकात अनारसे झाले नाहीत.

तीन वर्षांत सांगायची संधी मिळाली नाही असं नाही. ती रोजच मिळत होती, त्यामुळे घाई वाटत नव्हती. जावई येत, वाकून नमस्कार करत, गॅलरीतल्या कुंड्या हलवायला मदत करत. माझ्याशी पूर्वीइतकंच नीट वागत. त्यांनी एकदा जरी फटकारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तर बायको तांदळाची पिशवी वाचत होती.

मी विचारलं, "कशाबद्दल माफ केलंस त्यांना?"

"कशाबद्दल म्हणजे? त्या पोरीची खोली घालवली त्याबद्दल."

"ती माझ्यामुळे गेली."

तिला वाटलं मी जावयांची बाजू घेतोय. "तुम्ही कशाला अंगावर घेताय उगाच? त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं."

मग मी तिला तीन पर्याय सांगितले. निळं बटण सांगितलं. ते बँकेतून टाकतो म्हणाले होते तेही सांगितलं. ती ऐकत ऐकत खुर्चीवर बसली. चष्मा काढून तिनं टेबलावर ठेवला.

"किती वाचवलेत?"

"एकशे एक्केचाळीस."

तिनं मान हलवली, भाजीचा भाव ऐकल्यावर हलवते तशी. मग उठली, कपाटातून तांदळाची दुसरी पिशवी काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली.

"राहिलेले तेहतीस आणि यंदाचे तेहतीस," ती म्हणाली. "आणि त्यांना इथे बोलवायचं नाही. आपण जायचं. बोलावण्याचा मान आपला राहिलेला नाही. ताट तुम्ही धरायचं, आणि सगळ्यांसमोर सांगायचं. फोनवर नाही."

पांढरी खसखस आणायला स्टुटगार्टला मी गेलो. पीठ मुरल्यावर तिनं तळायला घेतलं, तर पहिले तीन अनारसे तुपात पडल्या पडल्या विरघळले. अनारसा हसला म्हणतात त्याला. ती म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा. तुम्हाला बघून हसताहेत." मी बाहेर जाऊन बसलो. त्यानंतरचे नीट झाले असावेत, कारण मला हाक आली नाही.

फिंग्स्टन या ख्रिस्ती सणाच्या जोडून सुट्टीला नात बर्लिनहून घरी येणार होती. आम्ही तोच रविवार धरला. दोन गाड्या बदलून, स्टीलचे दोन डबे मांडीवर घेऊन लुडविग्सहाफेनला गेलो. मानहाइम स्टेशनवर बायको म्हणाली, काय बोलायचं ते पाठ करून ठेवा. मी म्हणालो, पाठ आहे. तीन वर्षं पाठ होतं.

जेवणाच्या खोलीत जावयांना खुर्चीवर बसवलं. लेकीनं त्यांना झब्बा घालायला लावला होता. इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. बायकोनं ताटात अनारसे रचले, वर दिवा ठेवला आणि ताट माझ्या हातात दिलं. सहासष्ट अनारशांचं तांब्याचं ताट माझ्या वयाच्या माणसाला जड असतं. मी उभा राहून म्हणालो, "हे घेण्याआधी एक ऐकून घ्या."

मी सुरुवात करताच त्यांना कळलं. "बाबा, राहू द्या," ते म्हणाले. मी राहू दिलं नाही. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत आणि मग त्या रविवारपर्यंत सगळं सांगितलं, नऊ युरो आणि दीडशे युरो, आणि ते वाक्यही परत बोलून दाखवलं, जसं बोललो होतो तसंच. लेक उभ्या उभ्याच भिंतीला टेकली. मी म्हणालो, "फोन तुम्ही बरोबरच लावून दिला होता. माझा हात बरोबर नव्हता. मी तुमच्या नावावर टाकलं आणि तुम्ही घेतलंत."

जावई दिव्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मलाही एक सांगायचंय. ते चिकटवलेलं पाकीट होतं ना, बारा शब्दांचं? ते मी त्या गुरुवारी उघडलं. शब्द माझ्या फोनवर घातले. तुमचं सगळं मला दिसत होतं. बटणसुद्धा."

लेकीनं विचारलं, "मग दाबलं का नाहीस?"

"बाबा नको म्हणाले होते."

नात टेबलाच्या कडेला बसली होती. ती एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत राहिली, आणि मग मराठीत बोलली.

"म्हणजे दोन फोन. दोन बटणं. तुम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसलात, आणि मी सोफ्यावर."

तिचं मराठी इतकं चांगलं आहे, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. पण त्याचं कौतुक करायची ती वेळ नव्हती. मी तिला म्हणालो, चुकलं माझं. बापही म्हणाला. ती "पास्ट शोन" म्हणाली नाही. एरवी ती कशालाही पास्ट शोन म्हणते, म्हणजे असू दे. त्या दिवशी तिनं असू दिलं नाही, आणि ते मला योग्य वाटलं.

"हात दुखले असतील तुमचे," बायको मला म्हणाली. जावयांनी उठून ताट घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि वाकून नमस्कार करायला लागले. मी त्यांचा दंड धरून थांबवलं. आम्ही दोघं क्षणभर तसेच वाकलेले आणि धरलेले उभे होतो, मग बसलो.

नात म्हणाली, "फंडात अजून आहे काही?"

होतं. त्या वेळी न फोडलेली पाकिटं तशीच पडून होती. त्या खोलीच्या प्रकरणानंतर मी एकही संकष्टी पाठवली नव्हती.

"मग ते आत्ता पाठव, आबा. इथे बसून. सगळ्यांसमोर."

मी फोन काढला. रक्कम भरली. तेच तीन पर्याय आले. मी चष्म्यातून पाहिले, परत पाहिले, आणि फोन जावयांपुढे धरला.

"कुठलं निवडू?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते..." त्यांनी सुरुवात केली. नातीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते थांबले.

"लवकर," ते म्हणाले. "आत्ताच दाबा."

वीसहून अधिक वर्षांत त्यांनी मला सांगितलेलं ते पहिलं काम. मी दाबलं. जाळ्यावर त्या दिवशी गर्दी अशी नव्हतीच. सगळी पाकिटं फोडूनही लवकरची फी एक युरोच्या आत आली. मानहाइम स्टेशनवर स्वच्छतागृहात जायला मी त्याहून जास्त दिले होते.

चहा उकळायच्या आत नातीच्या फोनवर काहीतरी वाजलं. "पोचले," ती म्हणाली, आणि तिनं बापाच्या ताटातले दोन अनारसे उचलले.

जावयांनीही एक घेतला. मोडला. अर्धा माझ्या बशीत ठेवला, अर्धा चावून बघितला, आणि जरा वेळानं, भीत भीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, थोडा कडक झालाय."

लेक वळून बघायला लागली. मी बायकोकडे पाहिलं.

"पीठ कोरडं राहिलं होतं जरा," बायको म्हणाली, आणि त्यांना आणखी दोन वाढले.